सोळा माणसांचे जेवणघर

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीहून तेलसंगमार्गे तिकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, द्राक्षबागांच्या मधोमध एक जेवणघर आहे, आणि तिथे एका वेळी सोळाच माणसे जेवायला बसू शकतात. घराच्या पुढच्या पडवीत चार लांब बाकडी टाकलेली आहेत, त्यांच्यासमोर तेवढीच लांब मेजे आहेत, आणि पडवीच्या टोकाला चूल असल्यामुळे भाकरी थापण्याचा आवाज जेवणाऱ्याला शेवटपर्यंत ऐकू येत राहतो. बाहेर पाटी नाही. जेवण फक्त दुपारचे मिळते, आणि किती माणसे येणार हे आदल्या संध्याकाळी फोन करून सांगावे लागते. उद्या काय असेल असे विचारले की पलीकडून उत्तर येते, "सकाळी रानात काय गावतंय बघून ठरतंय की ओ."

जेवणघर चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचे माहेर जतकडचे आणि सासर इथले. माहेरची मराठी आणि सासरची कन्नड या दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी इतक्या मिसळल्या आहेत की त्या हिशेब एका भाषेत करतात आणि सुनेवर रागावतात दुसऱ्या भाषेत. घराचे आणि गावाचे नाव मी इथे लिहिणार नाही, कारण त्यांनीच तसे सांगितले आहे. आहेत तेवढी माणसे त्यांना पुरेशी वाटतात. या भागातला वाचक खुणेवरून ओळखेलच.

वाइनचा मुलूख म्हटले की आपल्याकडे सर्वांना पहिल्यांदा नाशिक आठवते. तिथे १९९९ मध्ये सुला ही वाइनरी सुरू झाली, पुढे महाराष्ट्राने २००१ मध्ये वाइनविषयक धोरण आणले, आणि आज त्या भागात बागेकडे तोंड करून बसायच्या गच्च्या, चाखण्याच्या खोल्या आणि त्यांना जोडलेली उपाहारगृहे दिसतात. कर्नाटकाने द्राक्षप्रक्रिया आणि वाइन धोरण २००७ मध्ये जाहीर केले आणि तेव्हापासून कृष्णा खोऱ्याचे नावही वाइनच्या नकाशावर घेतले जाऊ लागले. नकाशावर पाहिले तर अक्कांचे घर त्याच खोऱ्यात आहे. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या चहूबाजूंच्या बागांतले द्राक्ष बाटलीत जात नाही. बरेचसे बेदाण्याला जाते आणि चांगले टपोरे घड खाण्यासाठी बाजारात जातात. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल हवा इतकी कोरडी असते की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेले मणी शेडमधल्या जाळ्यांवर दोन-तीन आठवड्यांत वाळतात. त्या शेडच्या हिरव्या जाळीच्या भिंती या रस्त्यावर घरांपेक्षा जास्त दिसतात. माल पुढे तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांना जातो, किंवा विजापूरला.

वाइन नसण्याचे दुसरे कारण घराघरांत आहे. द्राक्ष पिकवणारी इथली कित्येक कुटुंबे लिंगायत किंवा जैन आहेत, आणि ज्या घरात कांदा-लसूण शिजवतानाही आज कोण जेवायला आहे हे पाहिले जाते त्या घरात बाटली उघडण्याचा प्रश्न येत नाही. अक्कांकडेही एक पातेले कायम बिनकांद्या-लसणाचे असते. उगार-शेडबाळकडून येणारी जैन मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि रात्रीचे जेवण न ठेवण्याचे हेही एक कारण असल्याचे अक्कांनी मला सांगितले. उरलेले कारण अर्थातच हे की पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला रात्री नऊला पाहुण्यांपुढे उभे राहवत नाही.

हे जेवणघर मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आकारामुळे, आणि हा आकार हौसेचा भाग नाही. हंगामी, जवळच्या रानातले अन्न देतो असे सांगणारी हॉटेले आता बेळगावातही आहेत आणि हमरस्त्यावरही आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी मला भर मे महिन्यात हुरडा वाढण्यात आला होता. तो गोठवलेला होता. दाणा हिरवा दिसत होता, पण दाताखाली रबरासारखा लागत होता. तिथल्या व्यवस्थापकाने अतिशय नम्रपणे सांगितले की पाहुण्यांची मागणी वर्षभर असते. ते खरेच असणार. शंभर माणसे बसतील एवढी जागा बांधली की ती भरावी लागते, भरायची तर पदार्थ रोज तेच द्यावे लागतात, ते रोज द्यायचे तर साठवावे लागतात, आणि एकदा शीतपेटी आली की हंगाम फक्त पदार्थांच्या यादीतल्या चित्रात उरतो. दोष त्या व्यवस्थापकाचा नाही, बाकड्यांच्या संख्येचा आहे.

हुरड्याचेच उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरला की डिसेंबरच्या शेवटापासून कणसात दूध भरू लागते. दाणा चिमटीत दाबल्यावर दूध बाहेर येते तेव्हा तो फार कोवळा असतो, आणि दाबल्यावर दबतच नाही तेव्हा उशीर झालेला असतो. मधल्या आठ-दहा दिवसांत त्यात साखर असते, त्यानंतर तिचे पीठ होते. म्हणजे एका पट्टीचा हुरडा जेमतेम आठवडाभर. अक्कांच्या घरचा शाळू त्यामुळे एकदम पेरला जात नाही. बागेच्या कडेच्या तुकड्यात साधारण आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक पट्टी पेरतात, आणि तरीही सगळा हुरडा मिळून महिनाभर पुरतो. एका माणसाला पोटभर हुरडा द्यायचा तर किती कणसे लागतात आणि कणीस चोळायला किती हात लागतात हे अक्का बोटांवर सांगतात. त्या हिशेबात सोळा माणसे बसतात आणि सतरावे बसत नाही. बाकड्यांची लांबी आधी ठरली की कणसांची संख्या, असा प्रश्न मी त्यांच्या धाकट्या मुलाला विचारला होता. तो म्हणाला की बाकडी लग्नाच्या मांडववाल्याकडून जुनी मिळाली म्हणून चार आहेत. ते काही असो, हिशेब जुळला आहे.

हुरडा भाजण्याची आगटी परसात आहे. खड्ड्यात शेणी पेटवून निखारा झाला की कणसे त्यात उभी खुपसतात, आणि राखेचा वास दाण्याला लागायच्या आत ती बाहेर काढून गरम असतानाच हातावर चोळतात. शेण्यांच्या आधी आग धरण्यासाठी मात्र इथे द्राक्षाच्या काड्या वापरतात. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, आणि दोन्ही वेळा बांधावर काड्यांचे ढीग पडतात. त्या बारीक करून जमिनीत गाडाव्यात असा सल्ला कृषी अधिकारी देतात आणि बऱ्याच बागांत तसे करतातही. अक्का त्यांतले काही भारे मागून आणतात. वाळलेली काडी झटकन पेटते, तिची ज्वाळा उंच असते आणि ती लवकर विझते, म्हणून आमटीला तिचा उपयोग नाही, पण तवा चटकन तापवायला तिच्यासारखे सरपण नाही असे त्यांचे मत आहे.

त्या तव्यावरची भाकरी हा वेगळाच विषय आहे. शाळूच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे ते कढत पाण्याने मळावे लागते. गरम पाण्याने पिठाचा काही भाग उकडल्यासारखा होतो आणि त्याच्या जोरावर भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि मग कितीही मळले तरी कडा फाटतात. अक्का पीठ दोन दिवसांच्या वर ठेवत नाहीत. त्या काठवटीत पिठाचा गोळा तळहाताच्या मुळाने पुढे रेटतात, मागे ओढतात, पुन्हा रेटतात, आणि हे चालू असताना पडवीतल्या कोणत्या ताटात भाजी संपली आहे हे मान न वळवता सांगतात. थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या क्षणी ती उलटायची, आणि शेवटी तव्याच्या कडेने निखाऱ्यासमोर उभी करायची. तिथे ती फुगते. फुगलेली भाकरी थेट ताटात येते. मी एकदा शेजाऱ्याशी द्राक्षाच्या दराविषयी बोलत बसलो होतो तेव्हा माझी भाकरी त्यांनी उचलून दुसऱ्याला दिली. "ऊन ऊन खावा, दर उद्या पण हायच," एवढेच म्हणाल्या.

मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे ताट हे या घराचे खरे ताट आहे. कृष्णाकाठची काटेरी वांगी तेव्हा सर्वांत चांगली असतात. ती शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि कारळ्याचा मसाला भरून इतक्या तेलात शिजवतात की शहरातल्या माणसाने पहिल्यांदा पाहिल्यावर काळजीने बायकोकडे पाहावे. बाजूला शेंगांची चटणी, जवसाची चटणी, कच्ची मेथी, पातीचा कांदा आणि दही. मेथी निवडून नुसतीच ठेवतात, तिच्यावर काही संस्कार नाहीत. ओल्या वाटाण्याची उसळ असते तेव्हा वाटाणा बेळगावच्या बाजूचा असतो, आणि तो बाहेरचा आहे हे अक्का आपणहून सांगतात, जणू काही चोरी पकडली जाण्याच्या आधी कबूल करावी.

या दिवसांतला एक पदार्थ मी दुसऱ्या कुठल्याही जेवणघरात पाहिलेला नाही, आणि तो म्हणजे हरभऱ्याची आंब घातलेले ताक. हरभऱ्याच्या पानांवरची बारीक लव आंबट रस सोडते. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणूनच हरभऱ्याच्या रानातून अनवाणी चालले की पाय चुरचुरतात. थंडीत दव पडते तेव्हा हा रस दवात उतरतो. पहाटे उजाडायच्या आत धुतलेले पांढरे धोतर हरभऱ्याच्या शेंड्यांवरून हलकेच ओढत न्यायचे, ते ओले झाले की भांड्यात पिळायचे, आणि पुन्हा ओढायचे. जुन्या लोकांत पोटदुखीवर आंब देण्याची रीत आहे, आणि घराघरांत एखादी बाटली ठेवलेली असे. अक्कांचे सासरे, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, वय झाले तरी हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत, कारण त्यांच्या मते तरुण मुले कापड ओढताना शेंडे मोडतात. एका पहाटे मीही त्यांच्यामागून गेलो होतो. हाताला लागलेला थेंब जिभेवर ठेवला तर लिंबापेक्षा कडक आणि चिंचेपेक्षा स्वच्छ आंबट लागला. सकाळभराच्या खटपटीनंतर तांब्याच्या तळाशी जे जमले ते सोळा पेल्यांत चमचा-चमचाच पडणार होते. त्या ताकाला मीठ आणि कढीलिंबाखेरीज काही लागत नाही.

हरभऱ्याचा पालाही भाजीसाठी खुडतात, आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान नाही, कारण फुले यायच्या आधी शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात. म्हणून शेजारचे शेतकरी अक्कांना पाला खुडून न्या म्हणून स्वतःच निरोप पाठवतात. फुले आली की तो निरोप थांबतो आणि भाजी ताटातून जाते. पुन्हा कधी मिळेल असे एका पाहुण्याने विचारले तेव्हा अक्कांनी पुढच्या वर्षी एवढेच उत्तर दिले आणि पाहुणा थोडा नाराज झाला.

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळ्ळ अमावास्येला, जेवणघर बंद असते. त्या दिवशी या भागातली सगळी घरे रानात जातात, उभ्या पिकाची पूजा करतात, चरगा, म्हणजे नैवेद्याचे अन्न, रानात शिंपतात आणि बांधावर पंगत मांडतात. बाजरीच्या कडक भाकऱ्या, कडबू, तिळाची आणि शेंगांची पोळी, भरली वांगी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, दहीभात असा तो थाट असतो. पैसे देऊन तो मिळत नाही. ओळख असेल तर बोलावणे येते, आणि बोलावणे आले तर नाही म्हणू नये.

बाकीच्या ऋतूंविषयी मी फारसे लिहीत नाही, कारण ते तितके समृद्ध नाहीत आणि अक्काही तसा आव आणत नाहीत. उन्हाळ्यात अंबील, कैरीचे सार, कुरडया-शेवया आणि मठ्ठ्यावर भागते. एप्रिल-मेचे काही आठवडे घरचे लोक बेदाण्याच्या कामात असल्यामुळे चूल बंदच असते. पावसाळ्यात अंबाडी येते आणि तिची ज्वारीच्या कण्या घातलेली पुंडी उत्तम होते, पण चातुर्मासात जैन मंडळी पालेभाजी वर्ज्य करतात, त्यामुळे ताट निम्मे कडधान्यांवर जाते. आमच्या जिल्ह्याचे दुसरे टोक, म्हणजे खानापूर, त्याच वेळी अळंबी, बांबूचे कोंब आणि फणसाच्या आठळ्यांनी भरलेले असते. तिथल्या कणकुंबीकडे जेवढा पाऊस पडतो त्याच्या पावपटही अथणीला येत नाही. एका बेळगावकर मित्राने अक्कांना सुचवले की तिकडची अळंबी मागवली तर पावसाळ्याचे ताट सजेल, एकाच जिल्ह्यातले आहे म्हणजे स्थानिकच झाले. अक्कांनी विचारले, "तुमच्या बेळगावात खानापूरची अळंबी ताजी मिळत असेल, तर तुम्ही इथं कशाला आलासा?" त्यांचे स्थानिक म्हणजे चालत जाऊन परत येता येईल एवढे अंतर.

द्राक्षाच्या मुलुखातले जेवण असूनही द्राक्ष ताटात फारसे दिसत नाही, याचे मला आधी आश्चर्य वाटले होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बागेत विरळणी होते. घड सुटसुटीत राहावा म्हणून कोवळे मणी कात्रीने काढून टाकतात आणि ओळीच्या खाली हिरव्या मण्यांचा सडा पडतो. युरोपातल्या वाइनच्या प्रदेशांत अशाच कच्च्या द्राक्षांचा आंबट रस काढून स्वयंपाकात वापरतात, तेव्हा इथे त्याचे सार का करू नये असे मी आप्पांना विचारले. त्यांनी मला फवारणीची वही आणून दाखवली. डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, कीड आणि मणी फुगवण्याची संजीवके यांच्या नोंदी त्या आठवड्यांत एकाखाली एक होत्या. प्रत्येक औषधानंतर किती दिवस माल तोडायचा नाही हे ठरलेले असते, काढणीच्या द्राक्षाला ते दिवस मिळतात, पण विरळणीत पडलेल्या मण्याला ते मिळालेले नसतात. तो आंबट मणी कितीही मोहक दिसला तरी खायचा नसतो. म्हणून अक्कांचे द्राक्षाचे सार फक्त परसातल्या दोन जुन्या वेलांवर चालते. हे वेल मोरीच्या पाण्यावर वाढलेले आहेत, त्यांना कुणी फवारत नाही, आणि त्यामुळे निम्मे घड भुरीने जातात. उरलेल्यांचे सार जिरे-मिरचीच्या फोडणीचे, गुळाचा खडा टाकलेले, फार तर चार-पाच वेळा होते. ज्या दिवशी आपण गेलो त्या दिवशी ते असेल याची खात्री नाही. बेदाणा मात्र घरचा असतो आणि तो चिंचेबरोबर वाटून केलेली चटणी कडक भाकरीशी चांगली लागते, जरी माझ्या मते त्या चटणीत गूळ थोडा कमी हवा.

वाइनचा प्रश्न तरीही सुटत नाही, कारण शहरातून येणारा प्रत्येक दुसरा माणूस तो विचारतो. माझे मत असे की अक्कांच्या पडवीत बाटली नको, पण या जेवणाशी वाइन जुळत नाही हे म्हणणेही खरे नाही. पुण्याहून आलेल्या एका मित्राने दोन बाटल्या आणल्या होत्या, एक पांढरी शेनाँ ब्लाँ आणि एक लाल शिराझ. अक्कांकडे त्या काढणे योग्य नव्हते, म्हणून आम्ही जेवण बांधून घेतले आणि दुसऱ्या एका ओळखीच्या बागायतदाराच्या शेतातल्या खोलीवर गेलो. शिराझचा प्रयोग फसला. भरल्या वांग्यातल्या तिखटावर तिचा तुरटपणा आणि तिच्यातले मद्य पडले की तोंडाची आग वाढते, आणि कारळ्याचा कडवटपणा नको तितका पुढे येतो. शेनाँ ब्लाँ किंचित गोडसर आणि चांगली थंड होती, त्यामुळे शेंगांच्या चटणीबरोबर ती सुंदर गेली, आणि कच्च्या मेथीबरोबर त्याहून चांगली. तिखट मराठी-कानडी जेवणाबरोबर वाइन घ्यायचीच असेल तर थोडी साखर राहिलेली पांढरी घ्यावी, हा सल्ला त्या संध्याकाळपासून मी सर्वांना देतो.

तिथले बागायतदार काका स्वतः पीत नाहीत, पण त्यांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एका बाटलीला किती द्राक्षे लागतात असे विचारले. मित्र म्हणाला, किलोभराच्या आसपास. काकांनी क्षणभर डोळे मिटले, कारण चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. "म्हणजे ह्यात पाव किलो बेदाणा गेला की ओ," ते म्हणाले, आणि मग बाटलीची किंमत विचारून ती ऐकल्यावर पुन्हा डोळे मिटले. हा दुसरा हिशेब त्यांना जास्त रुचलेला दिसला. पण वाइनसाठी द्राक्ष लावाल का, या प्रश्नावर त्यांनी ठाम नाही म्हटले, आणि त्यामागचे कारण मला आधीच माहीत होते. माझ्या मामांनी कृष्णेच्या वरच्या अंगाला, सांगली जिल्ह्यात, वाइनची जात लावली होती. २००८ नंतर मागणी बसली, करार केलेल्या कंपनीने माल उचलणे थांबवले, आणि वाइनचे द्राक्ष बारीक मण्यांचे आणि बियांचे असल्यामुळे ते खाण्यासाठी विकता येईना आणि त्याचा बेदाणाही करता येईना. मामांनी ती बाग उपटली. बेदाणा निदान शीतगृहात ठेवून दराची वाट पाहता येते. ज्याने एकच गिऱ्हाईक असलेले पीक एकदा पाहिले आहे तो पुन्हा त्या वाटेला लवकर जात नाही, आणि आमच्या भागात वाइनचे नाव असूनही वाइन का नाही याचे उत्तर बरेचसे या गोष्टीत आहे.

अक्कांच्या जेवणघरात उणिवा नाहीत असे नाही. मीठ हात सैल सोडून घातलेले असते. लहान मुलांसाठी दहीभाताखेरीज काही नसते, आणि उशिरा पोचलात तर तोही नसतो. ताटाला दीडशे रुपये पडतात, ते रोख द्यावे लागतात, आणि शेवटचा मैलभर रस्ता उसाच्या व द्राक्षाच्या ट्रॅक्टरांनी उखडून ठेवलेला आहे. ज्यांना जेवणाबरोबर फुरसतीची जागा हवी असते त्यांना पंगत उठायच्या आत हात धुवायला लावणारी ही पद्धत उद्धटपणाची वाटते. माझ्या एका नात्यातल्या काकूंना तर तशी वाटलीच, आणि त्यांनी ते परतीच्या वाटेवर विजापूर येईपर्यंत सांगितले.

धाकटा मुलगा आता मागच्या अंगणावर पत्रे टाकून आणखी चोवीस माणसांची सोय करावी म्हणतो. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण पौष महिन्यात रोज कुणाला तरी नाही म्हणावे लागते आणि नकाराचे फोन त्यालाच घ्यावे लागतात. अक्कांनी पत्र्यांना नकार दिला, पण पौषात दुसरी पंगत बसवून पाहायला त्या तयार झाल्या आहेत, आणि त्यांनी अट घातली ती पंगतीला पुरेल एवढा शाळू आधी उभा करून दाखवण्याची. म्हणून यंदा त्याने बागेच्या उत्तरेच्या कडेला आणखी दोन पट्ट्या पेरल्या आहेत आणि त्यांचे पाणी द्राक्षाच्या ठिबकच्या नळीवरूनच घेतले आहे. अडचण एवढीच की मण्यात साखर भरायची वेळ आली की काढणीच्या आधी बागेचे पाणी कमी करावे लागते, आणि त्या वेळी त्याच नळीवरच्या शाळूलाही तहान सोसावी लागेल. आप्पांच्या अंदाजाने पहिली पट्टी त्याच्या आत हुरड्याला येईल, दुसरीचे सांगता येत नाही. मुलाने दुसऱ्या पट्टीसाठी वेगळा कॉक बसवायला घेतला आहे.